न ऐकता घ्यायची गिटार

कुंभकोणमहून तंजावूरच्या रस्त्याला लागलं की चारेक किलोमीटरवर दारासुरम् येतं. रेशीम विणणाऱ्या सौराष्ट्री विणकरांचं हे गाव, आणि गावात दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ. तंजावूरचं बृहदीश्वर १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ऐरावतेश्वराचा नंबर २००४ साली लागला. लोक इथे रथासारखा घडवलेला मंडप, त्याचे घोडे आणि दगडी चाकं बघायला येतात. पण बलिपीठाजवळ एक लहानसा दगडी जिना आहे, त्याची ख्याती निराळी आहे. त्याच्या पायऱ्यांवर टकटक केली की प्रत्येकीतून वेगळा स्वर निघतो. सध्या त्याभोवती लोखंडी जाळी आहे. त्यामुळे ज्यांनी पूर्वी ऐकलं त्यांच्या शब्दावर विसंबून बाकीच्यांनी पुढे सरकायचं.

दगड वाजतो यात चमत्कार काही नाही. लांबट, कडक वस्तू ठोकली की ती किंचित वाकून थरथरते. ती किती वेगाने थरथरेल हे तिची लांबी, जाडी, दगडाचा कणखरपणा आणि घनता यांवर ठरतं. जाडी दुप्पट केली की स्वर वर चढतो, लांबी दुप्पट केली की त्याहून कितीतरी जास्त खाली उतरतो. हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या वाजणाऱ्या खांबांची कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ध्वनिलहरींनी तपासणी केली, तेव्हा खांब आतून पोकळ नसून भरीव असल्याचं दिसलं. आत नळ्या बसवल्याच्या गोष्टी तिथेच संपल्या.

इथे माझं लक्ष आहे ते पायऱ्यांची तुलना का करता येते, याकडे. दगड तोच, ठोकणारा हात तोच, हातातला खडा तोच, कान तोच, आणि दोन आघातांमध्ये गेलेला वेळ जेमतेम सेकंदभर. बदलते ती फक्त पायरी. म्हणूनच ‘हिचा स्वर तिच्यापेक्षा चढा आहे’ या वाक्याला अर्थ असतो.

आता मोबाइलवर वापरलेल्या इलेक्ट्रिक गिटारची जाहिरात उघडा. खाली दीड मिनिटाचा व्हिडिओ. वाजवणारा अनोळखी, ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) अनोळखी, खोली अनोळखी, तारा किती जुन्या ते माहीत नाही, आवाज फोनच्या माइकने टिपलेला आणि आपल्या फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडलेला. दुसऱ्या विक्रेत्याच्या व्हिडिओत यातलं झाडून सगळं वेगळं. आणि आपण दोन्ही ऐकून म्हणतो, पहिलीचा टोन जास्त उबदार आहे. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. दुरून गिटार घेता येते, चांगली घेता येते, स्वस्तात घेता येते. पण दुरून आवाजाची तुलना करता येत नाही. दुरून तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक डोळ्यांनी दिसतात.

सगळ्यात आधी दिसतात ते पडदे, म्हणजे गिटारवाल्यांच्या भाषेत फ्रेट. या विषयावर बोलायला दारासुरम्‌इतकी योग्य जागा मिळणं कठीण. इथून जवळच पट्टीश्वरम् आहे. तिथल्या देवळात गोविंद दीक्षितांची आणि त्यांच्या पत्नीची मूर्ती आहे. तंजावूरच्या नायक राजांचे हे प्रधान. कुंभकोणमच्या महामहम् तळ्याभोवतीचे सोळा मंडप त्यांच्याच नावावर आहेत. रघुनाथ नायकाच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, वीणेवर चोवीस पडदे कायमचे बसवण्याची रीत ठरली, आणि ती घडवून आणण्याचं श्रेय परंपरा राजा रघुनाथ आणि गोविंद दीक्षित यांना देते. एका सप्तकात बारा स्वरस्थानं, दोन सप्तकांचे चोवीस पडदे. त्याआधी राग बदलला की पडदे सरकवावे लागत. दीक्षितांचे पुत्र वेंकटमखी यांनी पुढे ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ लिहून बहात्तर मेळांचं गणित मांडलं. ठरलेल्या जागचे पडदे डोळ्यांसमोर असताना असलं गणित सुचणं स्वाभाविकच म्हणायचं.

मराठी वाचकाला पडदे म्हटलं की मिरजेची सतार आठवते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वाजवणारा ते स्वतः वरखाली करतो. तंजावुरी वीणेचे पडदे धातूचे असतात आणि ते काळ्या मेणाच्या पट्टीत रोवलेले असतात. मेण उन्हाळ्यात मऊ पडतं, वर्षांनी सुकतं, पडदे हलतात, मग कारागीर मेण काढून नव्याने पडदे बसवतो. गिटारचे पडदे लाकडात खाच पाडून ठोकलेले. ते सरकत नाहीत, झिजतात. पोलादी तार निकेलमिश्रित पडद्यावर वर्षानुवर्षं दाबली जाते, तिथे खळगा पडतो. नव्या पडद्याची उंची साधारण एक मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते. ती निम्म्यावर आली की तार नीट दाबली जात नाही, स्वर खरखरतो, ज्याला गिटारवाले ‘बझ’ म्हणतात. पडदे घासून समतल करता येतात, पण घासण्यालाही मर्यादा असते. शेवटी सगळे उपटून नवे बसवावे लागतात आणि हे काम बऱ्याच स्वस्त गिटारच्या किमतीच्या मानाने महाग पडतं.

म्हणून विक्रेत्याकडे पहिली मागणी करायची ती व्हिडिओची नव्हे, फोटोची. तारा सैल करून, उजेड तिरका पडेल असा, पहिल्या पाच पडद्यांचा फोटो. उघड्या कॉर्डचा भरपूर वापर तिथेच होतो, म्हणून खळगे तिथेच दिसतात. दुसरा फोटो नटच्या बाजूने, म्हणजे खुंट्या असलेल्या हेडवरून ब्रिजकडे (घोडीकडे) बघत काढलेला. नेक, म्हणजे गिटारचा दांडा, पिळलेली असेल तर यात ओळखू येते. पिळलेली नेक हा एकच दोष असा आहे की तो दिसला तर पुढे एक शब्द न बोलता जाहिरात बंद करावी. बाकी बहुतेक दोषांना इलाज आहे.

नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तारांचा ताण नेकला पुढे ओढतो, सळई मागे धरून ठेवते. किंचित खोलगटपणा हवाच. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली तर सातव्या-आठव्या पडद्यापाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. विक्रेत्याला हे करून दाखवायला सांगता येतं. त्याने सळईची चावी फिरवून दाखवली आणि ती फिरली, तर आणखी चांगलं. सळई गंजून अडकली असेल तर ती गिटार समुद्रकाठच्या हवेत टिकवणं अवघड जातं, आणि आपल्याकडे पुष्कळ लोक समुद्रकाठच्या हवेत राहतात.

गणिताची एक चाचणीही दुरून करता येते. फेंडर पद्धतीच्या गिटारवर नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते, गिब्सन पद्धतीच्या गिटारवर साधारण ६२८. बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे पहिल्या प्रकारात ३२४ मिलिमीटरवर यायला हवा. प्रत्येक पडद्यानंतर उरलेल्या तारेची लांबी १.०५९४६ या आकड्याने भागली जाते. हे दोनाचं बारावं मूळ. त्यामुळे सगळे अर्धस्वर सारखे होतात आणि त्याची किंमत म्हणून गांधार आपल्या कानाला हव्या त्याहून सुमारे १४ सेंट चढा लागतो, म्हणजे एका अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तो बोचतो. आवाज फाडून वाजवला, म्हणजे डिस्टॉर्शन लावलं, की तो आणखीच बोचतो. रॉकवाले म्हणूनच बहुधा गांधार गाळून फक्त षड्ज-पंचम वाजवतात. तेव्हा हा दोष विक्रेत्याच्या गिटारचा समजू नये.

बारावा पडदा मध्यावर असला तरी तार दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो. ती वाढ ब्रिजवर तारेचा टेकू किंचित मागे सरकवून भरून काढतात. तपासायचं असं: बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट लावून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर, दोन्ही फोनवरच्या ट्यूनरला एकच दिसले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा दिसला तर टेकू मागे घ्यायचा. टेकू सगळा मागे जाऊनही स्वर चढाच राहत असेल तर नेक किंवा ब्रिज यांत काहीतरी बिघाड आहे. ही चाचणी विक्रेत्याने ट्यूनरच्या स्क्रीनसह चित्रित करून पाठवली की आपल्याला एक खरा आकडा मिळतो. त्याच्या ॲम्पचा, खोलीचा, फोनचा या आकड्याशी काही संबंध नाही.

आता आवाजाकडे येऊ. विजेची गिटार खरं तर तारेचा आवाज ऐकतच नाही. जॉर्ज बीचम आणि रिकनबॅकर यांनी १९३१ साली जी पहिली नमुना-गिटार केली, जिला तिच्या आकारावरून ‘फ्राइंग पॅन’ म्हणतात, ती मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती; नमुन्याचं अंग लाकडी होतं, विक्रीला आलेल्या गिटारचं ॲल्युमिनियमचं. तिच्या पेटंटवर १९३७ सालची तारीख आहे. तत्त्व मात्र फॅरेडेने १८३१ मध्येच सांगून ठेवलेलं: चुंबकीय क्षेत्र बदललं की वेटोळ्यात वीज वाहते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारख्या तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या हालचालीची वीज बाहेर पडते. हवेतून माइकपर्यंत ध्वनी पोहोचावा लागत नाही.

याचा एक परिणाम इकडच्या वीणावादकांना रोज भेटतो. वीणेच्या खालच्या पट्टीतल्या तारा परंपरेने पितळेच्या. पितळ चुंबकाला ओळखत नाही, म्हणून गिटारचा पिकअप वीणेला लावला तर वरच्या पोलादी तारा बोलतील आणि खालच्या गप्प राहतील. म्हणून मैफलीत वीणेला बहुधा लाकडाची थरथर पकडणारा चिकटवायचा पिकअप लावतात. मॅन्डोलिन यू. श्रीनिवास यांनी मात्र थेट विजेचं मॅन्डोलिनच कर्नाटक संगीतात आणलं, आणि आर. प्रसन्ना यांनी त्याच संगीतात इलेक्ट्रिक गिटार वाजवली. पडद्यावर तार बाजूला ओढून गमक काढायला पडदे उंच आणि मधली जागा खोल असावी लागते. वीणेला ती जन्मतःच असते. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी ‘शक्ती’ या आपल्या बँडसाठी गिटारच्या पट्टीत पडद्यांमधली जागा खोदून घेतली ती याचसाठी. जुन्या बाजारात कधी कधी अशी खोदलेली गिटार दिसते. कोणी घरच्या घरी कानशीने खोदली असेल तर ती घेऊ नये, खोदलेलं लाकूड परत येत नाही.

पिकअप तारेखाली कुठे बसवला आहे यावर आवाजाचा मोठा भाग ठरतो. उघडी तार एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरते: अख्खी, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या गिटारचा नेकजवळचा पिकअप तारेच्या बरोबर पाव लांबीवर येतो. चार भागांत थरथरताना तिथे तार हलतच नाही, म्हणून उघडी तार वाजवली की चौथा आणि आठवा हार्मोनिक त्या पिकअपला ऐकूच येत नाही. तेच ब्रिजजवळच्या पिकअपला वरचे हार्मोनिक भरपूर मिळतात, म्हणून तो टोचरा. विक्रेत्याने व्हिडिओत कुठला पिकअप लावला होता हे विचारल्याशिवाय दोन गिटारची तुलना करणं म्हणजे एकाचा कल्याण आणि दुसऱ्याची तोडी ऐकून कोणाचा गळा गोड हे ठरवणं.

पुढची साखळी अशी. वेटोळ्याचा गुणधर्म, व्हॉल्यूमचं बटण २५० किलोओहमचं की ५००चं, टोनच्या बटणामागचा कपॅसिटर, आणि केबल. केबलला विसरू नका. साध्या केबलची मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास धारकता असते. सहा मीटरची केबल वरचा झणझणीतपणा चांगलाच खाते. म्हणजे विक्रेत्याने लहान केबल वापरली आणि तुम्ही लांब, तर तीच गिटार तुमच्याकडे आल्यावर मंद वाटणार. मग ॲम्प, मग स्पीकर, आणि स्पीकरचा वाटा तर इतका मोठा की त्याच्यापुढे बाकीच्या गोष्टी किरकोळ.

लाकडाचं काय? यावर गिटारवाले इतके भांडतात की मराठी माणसाला घरच्यासारखं वाटावं. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचे प्राध्यापक मानफ्रेड झोल्नर यांनी विजेच्या गिटारच्या भौतिकशास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिला. भरीव अंगाच्या गिटारमध्ये लाकडाच्या जातीला लोक देतात तेवढं महत्त्व ते देत नाहीत. माझंही मत तिकडेच झुकतं. पण एका ठिकाणी लाकूड, विशेषतः नेक, स्पष्ट ऐकू येतं. नेकची स्वतःची थरथर एखाद्या स्वराशी जुळली की ती तारेची ऊर्जा खाऊन टाकते आणि तो स्वर लवकर मरतो. फेंडर जातीच्या गिटारवर हे पुष्कळदा तिसऱ्या तारेवर सापडतं. पट्टीचं लाकूड म्हणाल तर ते पुष्कळदा आपलंच असतं. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आली, आणि त्याआधीपासूनच दक्षिण भारतातली शिसवी जगभरच्या गिटारवर जाऊन बसली होती. परदेशी म्हणून मिरवणाऱ्या वाद्याची पट्टी कदाचित इथल्याच घाटातून गेलेली असते.

तर विक्रेत्याला तिसरी तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा छेडून तशीच विरू द्यायला सांगा. फक्त एक अडचण आहे आणि ती मोठी आहे: फोन. बोलणं नीट ऐकू जावं म्हणून फोन आवाज मंद झाला की तो आपोआप वाढवतो आणि मोठा झाला की दाबतो. त्यामुळे विरत जाणारा स्वर फोनच्या ध्वनिमुद्रणात विरतच नाही, तो लांबतो. जाहिरातीतल्या ‘सस्टेन बघा’ या वाक्याला त्यामुळे काडीची किंमत नाही. शिवाय निरोपातून पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान करून येतो. आणि गिटारच्या जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्‌झचा, तो फोनच्या बारक्या स्पीकरमधून जवळपास निघतच नाही. वरच्या हार्मोनिकवरून मेंदू तो स्वतःच भरून काढतो. म्हणजे आपण जे ऐकतो त्यातला काही भाग आपलाच असतो.

यातून वाट काढता येते. विक्रेत्याकडे संगणकाला जोडायचा ऑडिओ इंटरफेस असेल तर ॲम्पशिवाय, कुठलाही परिणाम न लावता, गिटार थेट त्यात जोडून केलेलं मुद्रण मागावं. प्रत्येक पिकअपवर एकेक उघडा कॉर्ड, टोन आणि व्हॉल्यूम पूर्ण वर. फाइल मूळ स्वरूपात, मेलने. हे मुद्रण कोरडं, रटाळ वाटतं, पण त्यात विक्रेत्याचा ॲम्प नाही, फोन नाही, खोली नाही. इंटरफेस नसेल तर मल्टिमीटर असेल. गिटारला केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून, केबलच्या मोकळ्या प्लगचं टोक आणि त्याची बाहेरची नळी यांच्यामधला रोध मोजायचा. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला साधारण सहा किलोओहम, दुहेरीला सात ते नऊ, जोरकस बनावटीच्या असतील तर बरंच जास्त. आकडा एकदम २५० किंवा ५०० किलोओहमच्या घरात गेला तर वेटोळं तुटलेलं आहे आणि मीटर फक्त व्हॉल्यूमचं बटण मोजतो आहे.

दुहेरी वेटोळ्याचा पिकअप सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये असताना १९५०च्या दशकात बनवला, गुणगुण घालवण्यासाठी. ही गुणगुण घरातल्या विजेची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून गुणगुणीत १०० हर्ट्‌झ ठळक असतो, आणि जाड तारेचा तिसरा पडदा वाजवला की ९८ हर्ट्‌झ येतो. एकेरी पिकअपची गिटार भारतात सतत किंचित चढ्या षड्जाची तंबोरी बरोबर घेऊन फिरते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, तिथल्या व्हिडिओतली गुणगुण वेगळ्या स्वराची असते. व्हिडिओ भारतात काढलेला आहे असं सांगणाऱ्या विक्रेत्याच्या गिटारची गुणगुण अमेरिकन निघाली, तर तो व्हिडिओ कोणाचा आहे ते विचारायला हरकत नाही.

फसवणुकीचं बाकीचं गणित सरळ आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआयमध्ये कधीही पिन टाकावा लागत नाही आणि कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारा ग्राहक चोर आहे. आजची तारीख कागदावर लिहून गिटारजवळ ठेवून काढलेला फोटो मागावा. महागड्या नावाच्या नकला बाजारात उदंड. गिब्सनच्या हेडवरच्या ट्रस रॉडच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, तीन दिसले तर नक्कल समजावी. १९७७नंतरच्या गिब्सनच्या आठ आकडी क्रमांकात पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष सांगतात आणि मधले तीन आकडे वर्षातला दिवस. ३६६ पेक्षा मोठा दिवस निघाला तर हसून पुढे जावं.

दुरून वाद्य मागवण्याची तंजावूरला जुनी सवय आहे. मराठा राजे सरफोजी, राज्यकाल १७९८ ते १८३२, यांनी पाश्चात्त्य संगीताची पुस्तकं जमवली, ती तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, आणि दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला. त्याच दरबारातल्या चार नर्तक-संगीतकार बंधूंपैकी वडिवेलु यांनी व्हायोलिन आत्मसात केलं. पुढे त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन दिलं. समुद्रापलीकडून आलेल्या त्या वाद्याच्या तारा इथे षड्ज-पंचमाला लावल्या गेल्या, ते खांद्यावरून उतरून मांडी घालून बसलेल्या वादकाच्या पायावर टेकलं, आणि त्याचा आवाज पार बदलला. लाकूड तेच होतं.

गिटार घरी आली की लगेच पेटी उघडायची नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो, हवा ओली. पुण्याच्या कोरड्या हवेतून निघालेलं लाकूड इथल्या ओल्या हवेत फुगतं, नेकचा वाक बदलतो. कोकणातल्या गिटारवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. एक रात्र पेटीतच राहू द्यावी, मग नव्या तारा चढवाव्यात. जुन्या तारांवर निवाडा करू नये, गंजलेली तार वरचे हार्मोनिक गमावते आणि सूरही धरत नाही. तारांचा जाडीक्रमांक तुमच्या आधीच्या गिटारवर आहे तोच ठेवा, नाहीतर तुलना तारांची होईल. मग सेटअप: नेकचा वाक, तारांची उंची आणि इंटोनेशन, म्हणजे बाराव्या पडद्याची ती चाचणी. बाराव्या पडद्यावर जाड तार दीड-दोन मिलिमीटर उंच असली की बहुतेकांना पुरतं. सेटअप न करता वाजवलेली गिटार आणि सेटअप केलेली गिटार यांतला फरक बऱ्याचदा दोन कंपन्यांच्या गिटारमधल्या फरकाहून मोठा असतो.

आता पायऱ्यांसारखी तुलना करता येईल. दोन्ही गिटार, एकच केबल, एकच ॲम्प, बटणं हलवायची नाहीत, एकच पिक, एकच ओळ. सगळ्यात महत्त्वाचा आवाजाचा जोर. जोरात वाजलेलं माणसाला जास्त भरदार वाटतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज लहान झाला की कानाला खर्ज आणि वरचे स्वर जास्त कमी ऐकू येतात. म्हणजे फक्त जोर कमी-जास्त झाला तरी टोन बदलल्यासारखा भासतो. पिकअप तारेच्या अर्धा मिलिमीटर जवळ असला तरी गिटार जास्त जोरात वाजते आणि आपण म्हणतो, हिच्यात दम आहे. तेव्हा दोन्हींचं मुद्रण करून संगणकावर जोर समान करावा. एक डेसिबलचा फरकही निकाल फिरवतो.

आणि डोळे मिटावेत. २०१० साली इंडियानापोलिसला क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉटेलच्या एका खोलीत एकवीस व्हायोलिनवादकांना सहा व्हायोलिनं दिली. तीन नवी, तीन जुनी, त्यांतली दोन स्ट्रॅडिव्हेरियसची. वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवले होते आणि खोलीत उजेड मंद ठेवला होता. सर्वाधिक पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, सर्वात कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. बहुतेकांना आपण नवं वाजवतोय की जुनं हे सांगता आलं नाही. त्यावर चिडून पुष्कळ लेख आले, मग फ्रिट्झ यांनी फ्रान्समध्ये दहा नामवंत एकलवादकांबरोबर तोच खेळ पुन्हा केला. निकाल फारसा बदलला नाही. घरी हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. समान जोराची मुद्रणं एखाद्या मित्राला उलटसुलट क्रमाने लावायला सांगावीत, आपण पाठ करून बसावं, कुठली कुठली ते लिहावं, आणि एका बैठकीवर निकाल लावू नये, कान दमतो.

त्यानंतरही फरक नक्की ओळखता येत असेल तर जी आवडते ती ठेवावी, कारण शोधायची गरज नाही. ओळखता येत नसेल तर जिला जास्त किंमत येईल ती विकून टाकावी. आणि जाहिरातीत पडद्यांचे फोटो, तारांचा जाडीक्रमांक, पिकअपचा रोध आणि ॲम्पची बटणं कुठे होती ते लिहावं.